पॉइंट बत्तीसची पहिली ५६० काडतुसं

रेंजच्या वहीत जे खरडलं होतं ते नीट उतरवून ठेवतोय. .२२ च्या पिस्तुलावरून .३२ सेंटरफायरकडे (बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या मोठ्या काडतुसाकडे) वळताना गोव्यात विचारायला फारसं कोणी मिळालं नाही. जे दोघे भेटले ते म्हणाले, "जमतं हळूहळू." हळूहळू म्हणजे किती काडतुसं आणि किती रविवार, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तेवढं तरी इथे सापडेल.

पिस्तूल इटालियन, सेमी-ऑटोमॅटिक, २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेसाठीच बनवलेलं. काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर, म्हणजे चपट्या तोंडाचं, गोळी पूर्ण केसच्या (पितळी नळकांड्याच्या) आत बसलेली. मॅगझिन मुठीत नाही, ट्रिगरच्या पुढे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्या महिन्यात तिला ज्या शिव्या घातल्या त्यातल्या बऱ्याचशा माझ्या मलाच लागू होत्या.

कागदपत्रांचं पुराण लावत नाही. खेळाडू म्हणून आयातीची परवानगी, परवान्यावर वाढीव नोंद, पोलीस पडताळणी, सगळं धरून चौदा महिने गेले. काडतुसं एकाच लॉटची १,००० घेतली, मला एक साधारण ५५ रुपयांना पडलं.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. घरी, डिचोली

पेटी उघडली. कारखान्यातून लावून पाठवलेलं ग्रीस सगळीकडे. वर्कशॉपमधल्या जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसलं, नळीतून दोनदा कापड ओढलं आणि झालं असं समजलो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, ब्रश फिरवला नाही. ही चूक नंबर एक. तिचं बिल मे महिन्यात आलं.

वजनकाट्यावर रिकामं पिस्तूल १,१९० ग्रॅम भरलं. नियमाची मर्यादा १,४०० आहे, म्हणजे पुढे वजनं लावायला जागा आहे. ट्रिगरला किमान १,००० ग्रॅमचा भार सहन झाला पाहिजे. वर्कशॉपमध्ये एक किलोचा पितळी बाट आहे, त्याला तारेचा हूक करून ट्रिगरला अडकवला, नळी उभी धरून सावकाश उचललं. बाट उचलला गेला, हॅमर पडला नाही. "पास" असं वहीत लिहिलं. किती मोकळीक ठेवून पास, ते लिहिलं नाही. ही चूक नंबर दोन, तिचंही बिल पुढे आहे.

१३ एप्रिल, रविवार. रेंज, ५० काडतुसं

सकाळी साडेसातला सड्यावर पोचलो. आमची रेंज म्हणजे चिऱ्यांच्या भिंती, मागे मातीचा मोठा बांध आणि आजूबाजूला काजूची झाडं. एप्रिलमध्ये सगळीकडे पिकल्या काजूचा वास. येताना वाटेवर एकाने उर्राक (काजूची दारू) पुढे केला, त्याला हात जोडले.

पहिली गोळी. नऊ वर्षं .२२ चालवल्यावर मनात एक अंदाज असतो, तो सगळा चुकला. आवाज मोठा होताच, पण तो अपेक्षित होता. धक्क्याची जातच वेगळी निघाली. .२२ म्हणजे कोपराला टिचकी. हा म्हणजे पणजी-डिचोली बसमध्ये पुढच्याने अंगावर रेलावं तसा, सावकाश आणि सगळं वजन टाकून. नंतर घरी आकडेमोड केली. .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि ३२५ मीटर प्रतिसेकंदाने जाणारी, ही ६.३५ ग्रॅमची आणि २४० ने जाणारी. वेग कमी असल्यामुळे ऊर्जेत फार फरक पडत नाही, १३७ ज्यूलच्या जागी १८३. पण मनगटाला कळतो तो संवेग, आणि तो पावणेदोन पटीहून जास्त आहे. "बत्तीस काय, बावीसच्या वरची एक पायरी," असं समजून जाऊ नका.

पहिल्या पाच गोळ्या खाली डावीकडे, सात-आठच्या रिंगणात. साइट फिरवली, गोळ्या आणखी खाली. आणखी फिरवली, काळ्याच्या बाहेर. माझ्या जुन्या जर्मन पिस्तुलावर स्क्रूजवळचं अक्षर सांगतं की गोळी कुठे गेली आहे: वर गेली असेल तर वरच्या खुणेकडे फिरवायचं. नव्यावरचा बाण सांगतो की गोळी कुठे न्यायची आहे. म्हणजे सगळंच उलटं. हे कळेपर्यंत १५ काडतुसं गेली, ८२५ रुपये. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिमी आहे, त्यामुळे साइट ०.१ मिमी हलली की २५ मीटरवर गोळी ११ मिमीहून थोडी जास्त सरकते. दहाचं रिंगण ५० मिमी व्यासाचं. हे गणित आधी केलं असतं आणि मनगटाने भांडण्याआधी बाण वाचला असता तर निम्मी काडतुसं वाचली असती.

मग वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा गोळ्या मारल्या. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा घोळका, ४६ मिमी. म्हणजे पिस्तूल दहाच्या रिंगणात सगळं घालू शकतं. यापुढे आठ बसला तर तो माझा.

एकूण ५० मध्ये सात वेळा अडकलं. वहीत "अडकलं" एवढंच लिहिलंय, सात वेळा. कुठे अडकलं, कितवं काडतूस, कोणतं मॅगझिन, काही नाही. हा कागद मला नंतर काडीच्या उपयोगाचा ठरला नाही.

२० एप्रिल, रविवार. घरी

ईस्टरमुळे रेंज बंद. ड्राय (रिकाम्या पिस्तुलाने सराव) केलं, भिंतीवर पांढरा कागद लावून, दीड तास.

ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची, माझ्या तळहाताला अंगठ्याच्या मुळाशी मोठी. कानस आणि पॉलिश पेपरने दीड तास घासली, एका जागी लाकडाची लांबी (पुट्टी) भरली. ग्रिप घासणाऱ्याला एकच सांगणं: पिस्तूल डोळे मिटून उचला, डोळे उघडा, साइट सरळ दिसली की थांबा. मी त्यानंतरही दहा मिनिटं घासत राहिलो, कारण हात चालू होता. मग पुन्हा लांबी.

२७ एप्रिल, रविवार. ६० काडतुसं, एकूण ११०

आज वहीत रकाने आखून गेलो. मॅगझिनांवर पांढऱ्या रंगाने १, २, ३ असे आकडे घातले. ६० मध्ये आठ वेळा अडकलं. पण आता कुठे ते कळलं: आठातली पाच एकाच तऱ्हेची, पहिलं किंवा दुसरं काडतूस पुढे सरकतच नाही, स्लाइड (मागेपुढे सरकणारा भाग) त्याच्या डोक्यावर येऊन बसते. तीन वेळा काडतूस चेंबरमध्ये गेलं पण स्लाइड पूर्ण मिटली नाही, ट्रिगर दाबला तर नुसताच "टिक".

पाचांचा उलगडा सरांनी दोन मिनिटांत केला. आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले, मूळचे सातारचे. त्यांनी भरलेलं मॅगझिन बाजूने उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "हे बघ, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागं आडकलीय. ढकलणार कसं ते?"

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि ते पुढे जाताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढेच असायला हवी. मागे राहिली की वरचं काडतूस खालच्याला ओढत नेतं आणि दोघंही अडतात. .२२ लाही कड असते, पण ती इतकी बारीक की मी नऊ वर्षं डोळे झाकून मॅगझिन भरत आलो आणि कधी काही बिघडलं नाही. आता प्रत्येक काडतूस पुढून आत घालून मागे सरकवतो आणि भरून झालं की बाजूच्या फटीतून पाचही कडा पाहतो. मॅगझिनमागे सात-आठ सेकंद जास्त लागतात. त्या दिवशी सरांपुढे नव्याने भरलेल्या चार मॅगझिनांत ही तऱ्हा पुन्हा झाली नाही, आणि नंतरही आजवर झालेली नाही.

राहिलेली तीन मात्र समजली नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले, "आधी साफसफाई किती करतोस ते सांग." मी म्हणालो, "दर दोन-तीन आठवड्यांनी, .२२ सारखीच." ते "बरं" म्हणाले आणि चहा घ्यायला गेले. त्या "बरं"चा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला.

४ मे, रविवार. ७० काडतुसं, एकूण १८०

ही नोंद लिहायला लाज वाटते.

पहिली तीसेक काडतुसं सुरळीत. मग स्लाइड मिटेना. आधी केसभर फट, मग मिलिमीटर, मग मागून अंगठ्याने ढकलावी लागायची. माझं निदान: स्प्रिंग कमजोर. मी पेशाने टर्नर-फिटर, स्प्रिंग बदलायचं म्हटलं की हात शिवशिवतात. पिस्तुलासोबत कंपनीने एक जरा कडक रिकॉइल स्प्रिंग दिली होती, ती तिथेच बसवली. स्लाइड मिटायला लागली, मी खूश. पण हे ब्लोबॅक पिस्तूल आहे: काडतुसाचा उलटा जोरच स्लाइड मागे फेकतो, बाकी कुलूप वगैरे काही नाही. स्प्रिंग कडक झाली तशी स्लाइड पूर्ण मागे येईना, आणि रिकामी केस बाहेर पडायच्या आधीच खिडकीत उभी अडकायला लागली, चुलीच्या धुरांड्यासारखी. आधी मिटत नव्हतं, आता ओकत नव्हतं.

चाळीस मिनिटं मी स्प्रिंगा बदलत बसलो. शेजारच्या लेनवरचा मुलगा .२२ ने आपली साठ पूर्ण करून घरीही गेला.

जुनी स्प्रिंग परत लावली, पिस्तूल पेटीत घातलं, घरी आलो. बायको म्हणाली, "आज तोंड असं का?" म्हटलं, "स्प्रिंग." ती म्हणाली, "मागच्या वेळी मिक्सरलाही तू स्प्रिंगच म्हणाला होतास." मिक्सरमध्ये कपलर तुटला होता.

१० मे, शनिवार. घरी

सरांकडून डमी काडतुसं आणली. जिवंत काडतूस घरात पिस्तुलाजवळ आणायचंच नाही, हा माझा नियम, आणि तो कोणी मोडू नये. स्लाइड काढून टॉर्च मारून चेंबरमध्ये पाहिलं. जिथे केसचं तोंड संपतं तिथे करड्या रंगाचं कडं होतं, दाताच्या किटणासारखं. शिसं आणि गोळीवरचं मेण. वॅडकटरची गोळी मऊ शिशाची आणि धारदार खांद्याची, नळीत शिरताना तिथे थोडंथोडं तासलं जातं. खाली कारखान्याचं न पुसलेलं ग्रीस होतंच, त्यावर हे सगळं छान चिकटलं.

डमी काडतूस बोटाने आत सोडलं. एक मिलिमीटर बाहेर राहिलं. पितळी तारांचा ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन वीस मिनिटं घासलं, कपड्यावर काळ्या-चंदेरी टिकल्या आल्या. पुन्हा डमी सोडलं. "टक" असा आवाज करून आपल्या वजनाने खाली बसलं.

तो "टक" ऐकून मी एकटाच हसलो.

.२२ वाल्यांना नळी फार घासू नका असं शिकवलेलं असतं आणि ते .२२ पुरतं ठीकच आहे. इथे चेंबरला दर ८० काडतुसांना ब्रश लागतो, दोन मिनिटांचं काम आहे. स्प्रिंगला हात लावायची काहीच गरज नव्हती. आणि हे शिसं आहे, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय डब्यातल्या पोळीला हात लावू नका.

११ मे, रविवार. ६० काडतुसं, एकूण २४०

एकदाही अडकलं नाही. वाळूच्या पिशवीवर दहाचा ग्रुप ३४ मिमी.

आता बाकीचं पाहायला सवड झाली. ट्रिगर छान आहे: पहिला टप्पा, मग भिंत (बोटाला लागणारा अडथळा), मग सुटतो, मध्ये घसरण नाही. नळी हाताच्या बरीच खाली बसलेली असल्यामुळे धक्का मोठा असूनही तोंड फार उडत नाही. रॅपिडला याचा फायदा होईल असं वाटलं होतं, तो तितका नाही. सेंटरफायरच्या रॅपिड टप्प्यात हात ४५ अंशांवर खाली, लक्ष्य तीन सेकंद दिसतं, एक गोळी, मग सात सेकंद विश्रांती. सात सेकंदांत कोणतंही पिस्तूल जागेवर येतं. हे पिस्तूल त्रास देतं ते प्रिसिजनमध्ये, जिथे पाच गोळ्यांना पाच मिनिटं असतात आणि विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

१८ मे, रविवार. ६० काडतुसं, एकूण ३००

प्रिसिजनच्या सिरीज (पाच-पाच गोळ्यांच्या): ४६, ४४, ४७, ४१, ४३, ४२. जसजसं दमायला होतं तसं खाली डावीकडे जातं. मी ग्रिपवर संशय घेत होतो. सर म्हणाले, "मॅगझिन इकडं दे, मी भरतो."

त्यांनी पाठ करून भरली, जिवंत आणि डमी मिसळून, कितवं काय ते मला न सांगता. पहिली गोळी नऊ. दुसरी दहा. तिसऱ्याला ट्रिगर सुटला, बार झालाच नाही, आणि पिस्तुलाचं तोंड इतकं खाली गेलं की पुढची साइट लक्ष्याच्या चौकटीच्याही खाली दिसली. रेंजवर सहा जण होते, सहाही जणांनी पाहिलं. जो धक्का आलाच नव्हता त्याला मी मनगटाने आधीच उत्तर देऊन बसलो होतो.

"ग्रिप बरी आहे," सर म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

पाच मॅगझिनं असं केलं. चौथ्यानंतर तोंड हलायचं थांबलं. तेव्हापासून प्रत्येक सरावाची पहिली दोन मॅगझिनं सर किंवा कोणीतरी दुसरा भरून देतो. या प्रकारातली भारताची मजल सर अधूनमधून ऐकवतात: २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणांनी ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. मी साठ गोळ्यांत ५५० च्या अलीकडे-पलीकडे घुटमळणारा माणूस. तरी ऐकायला बरं वाटतं.

२६ मे, सोमवार. घरी

यंदा पावसाने जूनची वाट पाहिली नाही. कालचा रविवार धुऊन गेला. आज पेटी उघडली तर स्लाइडवर, नेमकं जिथे बोटं लागतात तिथे, तांबूस ठिपके. शेवटचं हाताळून दोन दिवस झाले होते. घाम पुसला होता, तेलही लावलं होतं, पण पिस्तूल कंपनीच्याच स्पंजच्या पेटीत ठेवलं होतं. गोव्याच्या पावसात स्पंज म्हणजे ओलं फडकं. पेटी प्रवासापुरती असते, मुक्कामाला नाही. इटलीत चालत असेल.

ठिपके तेल आणि मऊ कापडाने निघाले, एक मात्र खोल गेलाय, तो आता राहणार.

सोय अशी केली: कुलुपाच्या लोखंडी कपाटात उभा रॅक, पिस्तुलाला तेलाचा पातळ हात, सिलिका जेलच्या चार पिशव्या, ४५० रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ८९ टक्क्यांवर. आपल्याकडे जुन्या घरांत कपाटात बल्ब लावून ठेवतात ते आठवलं, म्हणून खालच्या कप्प्यात बल्ब लावला. दोन दिवसांनी काटा ८७. बल्ब एलईडी होता. उजेड भरपूर, ऊब शून्य. हसू नका.

तारेचा जुना बल्ब डिचोलीत तीन दुकानांत मिळाला नाही. शेवटी देव्हाऱ्यातला १५ वॅटचा लाल झिरो बल्ब काढला आणि तिथे एलईडी लावला. आई म्हणाली, "देवाला गार उजेड आणि बंदुकीला ऊब!" काटा तीन दिवसांत ५८ वर आला आणि तिथेच आहे.

१ जून आणि १५ जून. ५० आणि ६० काडतुसं, एकूण ४१०

दोन्ही दिवस अडकणं शून्य. दमट हवेत लक्ष्याचा कागद इतका मऊ होतो की .३२ च्या चपट्या गोळीचंही भोक फाटकं पडतं, एरवी ते पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल असतं. काठावरच्या गोळीला नऊ द्यायचे की दहा यावर मीच माझ्याशी भांडलो. आता कागद मागून पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून लावतो.

२२ जून, रविवार. घरी

२९ तारखेला रेंजवर चाचणी स्पर्धा, म्हणून नियमांची तपासणी घरीच करायला बसलो. पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिमीच्या खोक्यात मावलं पाहिजे. असं खोकं मी मार्चमध्येच वाड्यावरच्या मेस्ताकडून (सुताराकडून) प्लायवूडचं करून घेतलं होतं. एप्रिलमध्ये पिस्तूल आरामात मावलं होतं. आज मावेना. ग्रिपची अंगठ्याकडची बाजू घासत होती.

अक्रोडाची ग्रिप पावसाने फुगली, असं ठरवलं. कानस काढली आणि फुगवटा घासला, मिलिमीटरभर. मावलं. हातात धरलं तर अंगठ्याखाली पोकळ लागायला लागलं, दोन महिने जमवलेली पकड गेली. मग, आणि हे आधी करायला हवं होतं, व्हर्नियर घेऊन खोक्याची आतली रुंदी मोजली. ४८.८ मिमी.

पिस्तूल फुगलंच नव्हतं, खोकं फुगलं होतं. मेस्ताला सांगितलं तर तो म्हणाला, "पावसांत लाकूड फुगतलेंच! तुका कोणें सांगलें प्लायचें कर म्हूण?" मीच सांगितलं होतं.

वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं नवं खोकं केलं, दोन तास, सामान घरचंच. ग्रिपवर पुन्हा लांबी. सुकायला दमट हवेत दोन दिवस.

ट्रिगरही मोजला. एक किलोचा बाट उचलताना हॅमर पडला. तीनदा प्रयत्न, तीनदा पडला. चारशे काडतुसांत ट्रिगरच्या पृष्ठांची घासाघीस होऊन तो हलका झाला होता. पुस्तिकेप्रमाणे वजनाचा स्क्रू फिरवून आता १,०५० ग्रॅमवर ठेवलाय, तारखेसह वहीत लिहिलंय. नवीन पिस्तुलाला पहिल्या पाचशे काडतुसांपर्यंत दर शंभराला मोजा. अगदी १,००० वर ठेवाल तर तपासणीच्या टेबलावर घाम फुटेल.

२५ ते २८ जून. ८० काडतुसं, एकूण ४९०

सांजांवच्या (विहिरीत उड्या मारायच्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी रेंजवर तीनच माणसं, त्यातला एक विहिरीत उडी मारून पाय मुरगळून आलेला. दोन सराव झाले. शनिवारी वीज गेली, वर पाऊस, ब्रशची बाटली गाडीत राहिली, म्हणून चेंबर घासलं नाही. "उद्या फक्त सत्तरच आहेत," असं मनात म्हटलं.

२९ जून, रविवार. चाचणी स्पर्धा. ७० काडतुसं, एकूण ५६०

तपासणी: वजन पास, खोकं पास, ट्रिगर पास.

प्रिसिजन २७८. माझ्यासाठी उत्तम. शेवटच्या सिरीजला स्लाइड जरा सावकाश मिटतेय असं वाटलं, दुर्लक्ष केलं.

रॅपिड. तिसऱ्या सिरीजची चौथी गोळी. हिरवा दिवा, हात वर, साइट बरोबर, ट्रिगर. टिक. आणि माझा डावा हात आपोआप गेला आणि स्लाइड मागे ओढली. सरावात शंभरदा केलेलं काम. काडतूस खाली पडलं, लाल दिवा लागला.

बिघाड झाला तर पिस्तूल लक्ष्याकडे रोखून धरायचं, दुसरा हात वर करायचा, अधिकारी येईपर्यंत काहीही उघडायचं नाही. मग तो बिघाड मान्य होतो आणि गोळीची संधी परत मिळते. तुम्हीच स्लाइड ओढली की पुरावाच गेला, बिघाड अमान्य, गोळी शून्य. हा नियम मला पाठ होता. हाताला नव्हता.

रॅपिड २७१, त्यात एक भोपळा. एकूण ५४९. दहा नाही, नऊ जरी धरला तरी ५५८ होते. सरांना वही दाखवली. त्यांनी २८ तारखेच्या नोंदीवर बोट ठेवलं, "घासलं नाही," या शब्दांवर, आणि पान उलटलं.

६ जुलै, रविवार. हिशेब

५६० काडतुसं गुणिले ५५, ३०,८०० रुपये. ब्रश, सॉल्व्हंट, तेल १,४००. आर्द्रतामापक ४५०, सिलिका जेल ३००. लांबी आणि पॉलिश पेपर २५०. प्लायचं खोकं ६००, आता त्यात आईने कांदे ठेवलेत. रेंजचे दहा दिवस, घरचे तास मोजले नाहीत. वाया गेलेलं स्पष्ट दिसतं ते: साइटच्या उलट्या बाणावर १५ काडतुसं, ४ मेचा जवळजवळ अख्खा रविवार आणि ग्रिपचा एक मिलिमीटर.

अडकण्याचा हिशेब: पहिल्या १८० मध्ये जे काही झालं त्यातलं शेवटी एकही पिस्तुलाचं निघालं नाही. नंतरच्या ३८० मध्ये एकदाच, तेही वर लिहिलंच आहे.

शिल्लक ४४० काडतुसं. ड्राय करताना आता "टिक" झालं की डावा हात वर करायचा सराव करतोय, रोज वीस वेळा. पहिले दोन दिवस हात स्लाइडकडेच जात होता. चेंबरचा ब्रश झडलाय, दोन नवे मागवलेत, एक गाडीत राहील.

आईला चतुर्थीआधी देव्हाऱ्यातला बल्ब परत हवाय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघतो.